शकुंतलेची प्रतिकृति : खेळांतल्या विटा आणि यंत्राचें गणित

खेळ म्हणजे अभ्यासांतून चोरलेला वेळ, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. आणि परीक्षा जवळ आली म्हणजे ती अधिकच दृढ होते. ही समजूत सर्वस्वीं चुकीची आहे असें नाहीं. परंतु ज्यांत हात, डोळे आणि गणित हीं तिन्ही एकदम राबतात, असाहि एक खेळ आहे. प्लास्टिकच्या लहान लहान विटा एकमेकींत बसवून, त्यांत विजेची मोटार घालून, स्वतः चालणारें वाहन तयार करणें हा तो खेळ होय. त्याची माहिती वाचकांस करून द्यावी, आणि ती आपल्याच वऱ्हाडांतील एका गाडीच्या आधारें द्यावी, असा या लेखाचा हेतु आहे.

ती गाडी म्हणजे शकुंतला. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूरपासून एका बाजूस अमरावती जिल्ह्यांतील अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूस यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, असे तिचे दोन फांटे होते. इंग्रजी अमदानींत किलिक निक्सन या कंपनीनें हा मार्ग घातला, तो मुख्यतः कापसासाठीं. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुरास मोठ्या लोहमार्गावर यावयाचा, तेथून मुंबईस, आणि मुंबईहून मँचेस्टरच्या गिरण्यांस जावयाचा. या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर अवघें २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होतें. १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालेलें वाफेचें इंजिन १९२३ पासून ही गाडी ओढीत होतें. सत्तर वर्षांहून अधिक सेवा करून तें १५ एप्रिल १९९४ रोजीं निवृत्त झालें व त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली. अचलपूरपर्यंतचे ७६ किलोमीटर जावयास गाडीस सुमारे चार तास लागत. आज त्या रुळांवरून गाडी धांवत नाहीं. आणि आपल्या शाळेंतील बहुतेक मुलें तींत कधींच बसलेलीं नाहींत.

गेल्या वर्षीं कांहीं विद्यार्थ्यांनीं या गाडीची चालती प्रतिकृति करण्याचें मनांत आणिलें. त्यांच्या चुका व त्या चुकांची दुरुस्ती यांतच या विषयाचें सारें मर्म आलें आहे. परंतु त्याआधीं विटांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे.

यंत्रांच्या प्रतिकृति जोडण्याचा खेळ तसा जुना आहे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यानें १९०१ सालीं भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि मळसूत्री खिळे यांच्या संचाचें पेटंट घेतलें. तोच संच पुढें ‘मेकॅनो’ या नांवानें प्रसिद्धीस आला. प्लास्टिकच्या विटांचा जन्म डेन्मार्क देशांतील बिलुंड या गांवीं झाला. तेथील ओले कर्क क्रिस्टियनसेन नांवाच्या सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करावयास आरंभ केला. त्याच्या कारखान्याचें ‘लेगो’ हें नांव ‘चांगलें खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांपासून झालें आहे. आज प्रचारांत असलेल्या विटेच्या पेटंटासाठीं त्याच्या मुलानें २८ जानेवारी १९५८ रोजीं अर्ज केला. या विटेच्या माथ्यावर गोल गुंड्या असतात आणि पोटांत पोकळ नळ्या असतात. खालच्या विटेच्या गुंड्या वरच्या विटेच्या नळ्या व भिंती यांच्यामध्यें घट्ट धरल्या जातात. म्हणून खिळा नको, डिंक नको. मापें इतकीं कांटेकोर असतात कीं १९५८ सालची वीट आजच्या विटेवर नेमकी बसते. पुढें १९७७ सालीं भोंकांचे दांडे, आंस व दांतेरी चाकें यांचे संच निघाले, आणि घरें बांधणाऱ्या विटांतून यंत्रें बांधतां येऊं लागलीं.

दोन गुंड्यांतील अंतर ८ मिलिमीटर असतें. विटेची उंची ९.६ मिलिमीटर, आणि पातळ पाटीची उंची तिच्या एक-तृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर असते. आतां पांच पाट्या एकावर एक ठेवल्या तर उंची १६ मिलिमीटर होते. आणि आडव्या दोन गुंड्यांचें अंतरहि १६ मिलिमीटरच. म्हणजे उभें माप आणि आडवें माप येथें जुळतें. हें एवढेंसें गणित ज्याच्या ध्यानांत राहिलें, त्याच्या गाडींतील आंस बरोबर भोंकासमोर येतो. ज्यानें तें सोडलें, त्याचा आंस अर्ध्या मिलिमीटरनें चुकतो आणि चाक अडतें.

प्रतिकृतीचें पहिलें काम म्हणजे प्रमाण ठरविणें. या विटांबरोबर मिळणाऱ्या रुळांतील आंतील अंतर सुमारे ३८ मिलिमीटर असतें. शकुंतलेचें ७६२ मिलिमीटर. ७६२ ला ३८ नें भागिलें कीं २० येतात. प्रमाण ठरलें : विसास एक. आतां समजा, मूळचा डबा ७ फूट, म्हणजे सुमारे २१३४ मिलिमीटर रुंद आहे. तर प्रतिकृतींत तो १०७ मिलिमीटर, म्हणजे साधारण १३ गुंड्या रुंद व्हावयास पाहिजे. दार, खिडकी, धुराडें यांचेंहि माप अशाच रीतीनें छायाचित्रावरून काढितां येतें. ज्या मुलास त्रैराशिक कंटाळवाणें वाटतें, त्यास हें त्रैराशिक मुळींच कंटाळवाणें वाटत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

दुसरें काम मोटारीचें. आणि येथेंच आमचे विद्यार्थी फसले. गाडी जितकी वेगानें धांवेल तितकी चांगली, असें त्यांनीं मनाशीं धरिलें. मोटारीच्या आंसावर त्यांनीं २४ दांत्यांचें चाक बसविलें, आणि रुळांवरील चाकांच्या आंसावर ८ दांत्यांचें. मोठ्या चाकाचा एक फेरा होतो तों लहान चाकाचे तीन फेरे होतात. वेग तिप्पट झाला. एकटें इंजिन मेजाच्या या टोंकाहून त्या टोंकास सुसाट गेलें आणि टाळ्या पडल्या. मग मागें दोन डबे जोडले. मोटार नुसती गुणगुणली. इंजिन जागचें हललें नाहीं.

त्या वेळीं एका विद्यार्थ्याचे आबाजी तेथें बसले होते. तरुणपणीं त्यांनीं शकुंतलेनें पुष्कळ प्रवास केला होता. ते हंसून म्हणाले, “पोट्टेहो, आमची शकुंतला एवढी पयत नोती, बाप्पा! हयू हयू जाये, पन कापूस घेऊन जाये.”

आबाजींचें हें बोलणें यंत्रशास्त्राचा एक मोठा नियम होय. मोटारीची शक्ति ठराविक असते. तिचा वेग करून घ्यावा किंवा जोर करून घ्यावा. दोन्ही एकदम वाढवून मिळत नाहींत. वेग तिप्पट केला कीं फिरविण्याचा जोर तिसरा हिस्सा उरतो. वेग निम्मा केला कीं जोर दुप्पट होतो. घर्षणांत जें वांया जातें तें निराळेंच. चिखलदऱ्याच्या घाटांत गिअरच्या सायकलीवर बसलेला मुलगा मागचें मोठें चक्र निवडतो, तें याच कारणानें : पाय पुष्कळ फिरतात, सायकल थोडीच पुढें जाते, पण चढ चढते.

मग मुलांनीं गणित पुन्हां मांडिलें, आणि या वेळीं तें उलट्या बाजूनें, म्हणजे मूळ गाडीपासून मांडिलें. ७६ किलोमीटरांस चार तास, म्हणजे तासास १९ किलोमीटर. त्यास २० नें भागिलें तर तासास ९५० मीटर, म्हणजे सेकंदास सुमारे २६ सेंटिमीटर. प्रतिकृतीचा खरा वेग हाच. चाकाचा व्यास ३० मिलिमीटर, म्हणजे परीघ सुमारे ९४ मिलिमीटर. तेव्हां चाकानें मिनिटास सुमारे १६८ फेरे करावयास पाहिजेत. मोटार भार घेऊन मिनिटास २८० फेरे करिते असें धरिलें, तर १६८ आणि २८० यांचें प्रमाण ३ ास ५ असें येतें. आणि २४ दांत्यांच्या व ४० दांत्यांच्या चाकांचेंहि प्रमाण तेंच आहे. मोटारीकडे २४, पुढें ४०. वेग कमी झाला, पण जोर पहिल्या रचनेच्या पांचपट झाला.

तरीहि एक अडचण उरलीच. या संचांतील दांतेरी चाकाचा व्यास, जितके दांते तितके मिलिमीटर, असा असतो. ४० दांत्यांचें चाक ४० मिलिमीटर व्यासाचें, आणि रुळावरचें चाक अवघें ३०! एकाच आंसावर दोन्ही बसविलीं तर मोठें चाक रुळांखालच्या पट्ट्यांस घांसेल. म्हणून ४० दांत्यांचें चाक वर एका मधल्या आंसावर बसविलें, आणि तेथून १६ व १६ दांत्यांच्या जोडीनें तोच वेग खालीं उतरविला. दोन चाकांच्या आंसांतील अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेइतकें असतें. २४ व ४० यांचें अंतर ३२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर चार गुंड्या. १६ व १६ यांचें १६ मिलिमीटर, म्हणजे दोन गुंड्या. पण १६ व २४ ही जोडी घ्याल तर अंतर २० मिलिमीटर, म्हणजे अडीच गुंड्या होतें, आणि सरळ ओळींतील भोंकांत ती जोडी बसत नाहीं.

सांगाड्याविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. आंसास दोन्ही बाजूंनीं आधार द्यावा. एकाच बाजूच्या आधारावर तो वांकतो आणि दांते निसटतात. नुसत्या एकावर एक ठेवलेल्या विटा मोटारीच्या झटक्यानें सुटतात. म्हणून त्यांस उभ्या दांड्यांनीं व खुंट्यांनीं बांधून घ्यावें. वाळूवर बांधलेल्या घराचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकिला आहे. वरचें धुराडें कितीहि सुंदर असलें तरी सांगाडा कच्चा असेल तर त्याचा उपयोग नाहीं.

वाफेच्या इंजिनाची खरी शोभा म्हणजे चाकांवरचे हलणारे दांडे. मूळ इंजिनांत वाफ दट्ट्यास ढकलते, दट्ट्या दांड्यास, आणि दांडा चाकास. प्रतिकृतींत मोटार चाकास फिरविते आणि चाकच दांड्यास हलवितें. करणी उलटी, देखावा तोच. मात्र डाव्या बाजूचा दांडा उजव्या बाजूच्या दांड्याहून पाव फेऱ्यानें पुढें ठेवावा लागतो. खऱ्या इंजिनांतहि असेंच असतें. कारण एका बाजूचा दट्ट्या अगदीं टोंकास पोंचून निरुपयोगी होतो, त्या क्षणीं दुसऱ्या बाजूचा दट्ट्या पूर्ण जोरांत असतो.

आतां पालकांसाठीं थोडें. हे संच महाग आहेत, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु प्रत्येक घरीं संच पाहिजे असें मुळींच नाहीं. चार-पांच मुलांत एक संच पुरतो; इतकेंच नव्हे, तर तो वांटून घेतांना मुलें जें शिकतात तें एकट्यानें खेळून शिकत नाहींत. २०१६ पासून सरकारच्या अटल नवोन्मेष अभियानाखालीं पुष्कळ शाळांस सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीं टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाल्या आहेत. तेथेंहि मोटारी व चाकें हाताळावयास मिळतात. आणि हेंहि नसेल, तर पुठ्ठा, बांबूच्या कामट्या, दोऱ्याचीं रिकामीं रिळें, रबराचे पट्टे आणि मोडक्या खेळण्यांतील मोटार एवढ्यावर हेंच गणित शिकतां येतें. लहान रीळ मोठ्या रिळास पट्ट्यानें फिरवूं लागलें, कीं नियम तोच लागू होतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी : चाक अडलें असतां मोटार चालूं ठेवूं नये, ती तापते व जळते.

प्रदर्शनाच्या दिवशीं चार मीटर लांब रूळ घातले होते. गणिताप्रमाणें गाडीस पंधरा सेकंद लागावयास पाहिजे होते; लागले एकोणीस. मुलांनीं कारण शोधून काढिलें. साध्या सहा सेलांचा दाब ९ व्होल्ट होतो. पण काटकसर म्हणून वापरलेल्या, पुन्हां पुन्हां भरतां येणाऱ्या सहा सेलांचा दाब अवघा ७.२ व्होल्ट भरतो. मोटार तितकी मंद झाली होती. त्यांनीं सेल बदलले नाहींत. फलकावर गणिताचा आंकडा आणि प्रत्यक्षाचा आंकडा असे दोन्ही लिहून खालीं कारण लिहिलें. मला त्यांच्या कामांतील हीच गोष्ट सर्वांत अधिक आवडली.

दोन्ही डब्यांत आबाजींनीं शेतांतून आणलेला कापूस भरला होता. गाडी हळूहळू निघाली, आणि कोठेंहि न थांबतां तो कापूस घेऊन दुसऱ्या टोंकास पोंचली.