भर उन्हात उणे चाळीस

मे महिन्यात शिरूरहून न्हावरे-चौफुला मार्गे दौंडकडे निघावं, थोडा वेळ एसीची हवा गार यावी आणि मग नुसताच वारा सुटावा. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो गॅस भरण्याचा. माझं आग्रहाचं सांगणं आहे की त्याआधी सेन्सरचं सर्किट तपासा. मल्टिमीटर, साधा स्कॅनर आणि वाटीभर बर्फ एवढ्यावर ते काम होतं.

डॅशबोर्डच्या आत कूलिंग कॉइल असते. तिच्यावर बर्फ साचून हवेची वाट बंद होऊ नये म्हणून तिथे एक थर्मिस्टर खोचलेला असतो. तो जितका गार, तितका त्याचा रोध जास्त. रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रिजही बनतात आणि मोटारीही. दोन्हीकडे कामाला येतो तो हाच छोटा घटक. कंट्रोलर आपल्याकडच्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पाठवतो आणि थर्मिस्टरवर किती व्होल्ट दिसतात, त्यावरून तापमान ठरवतो. समजा, दोन्ही रोध १० किलोओहमचे आहेत. तर २५ अंशांना २.५ व्होल्ट दिसतील. शून्य अंशाला असा थर्मिस्टर ३० किलोओहमच्या आसपास जातो आणि व्होल्टेज पावणेचारच्या घरात. तिथवर जाण्याच्या जरा आधीच कॉम्प्रेसर बंद होतो.

वायर तुटली तर पुरे ५ व्होल्ट दिसतात. बाहेर ४० अंशांचं ऊन आणि स्कॅनरवर उणे ४०! हा बिघाड लगेच ध्यानात येतो. खरा चकवा देतो तो कनेक्टरच्या पिनांवरचा हिरवा गंज. त्याने रोध थोडासाच वाढतो, आकडा खऱ्यापेक्षा थंड दिसतो आणि कॉम्प्रेसर लवकर सुटतो. बिघाडाचा कोडही येत नाही. गॅस कमी असेल तर सहसा उलट होतं: कॉइल नीट गारच होत नाही, आकडा वर राहतो.

आता तपासणी. इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढा. आकडा एकदम तळाला गेला पाहिजे. मग गाडीकडच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडा. आकडा टोकाला चढला पाहिजे. दोन्ही जमलं तर वायरिंग आणि कंट्रोलर बहुधा ठीक, पहिला संशय सेन्सरवर. काही गाड्या बिघाड ओळखून ठरावीक आकडाच दाखवतात. तिथे कनेक्टरवर ५ व्होल्ट येतात का, ते मोजा. वायरी जोडण्याची ही रीत फक्त दोन वायरींच्या थर्मिस्टरसाठी. गॅसच्या दाबाचा सेन्सर तीन वायरींचा असतो, तिथे ती चालवू नका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला तर हातच लावू नका.

सेन्सर काढून बर्फाच्या पाण्यात काही मिनिटं धरा आणि त्याचा रोध गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून पाहा. जुळला, तर वायरिंगकडे परत या. उसाच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेली वायर हमखास शोधावी. स्कॅनरवर नजर ठेवून वायरिंग हळूहळू हलवा. आकडा उडी मारेल तिथेच दोष. सांधा सोल्डर करून त्यावर स्लीव्ह चढवा, नुसती टेप उन्हाने सुटते.