एसी लावला, पण मिस्त्रीसाठी पॉइंट काढला का?

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल नव्याने सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की ग्राहक गारवा असलेल्या दुकानातच शिरतो. म्हणून इतवारी, गांधीबाग, मोमिनपुरा या भागांतल्या आम्हा दुकानदारांनाही एसीचा विचार करावा लागतो. मशीनची किंमत, वॉरंटी, विजेचे बिल हे सारे आम्ही पारखून घेतो. पण गच्चीवरचे आउटडोअर युनिट दुरुस्त करायला येणारा मिस्त्री वीज कुठून घेणार, हे मात्र कोणी विचारीत नाही.

व्हॅक्यूम पंप, ड्रिल, युनिट धुण्याचा पंप, अंधारात दिवा, या सर्वांना वीज लागते. जवळ पॉइंट नसला की दुकानातून जिन्याने वायर ओढली जाते आणि पिन नसली तर उघडी टोके काडीने सॉकेटमध्ये खोचली जातात. अर्थिंग नाही, पायाखाली पाणी! अशा वेळी एमसीबीवर विसंबणे धोक्याचे आहे. एमसीबी असतो ओव्हरलोड आणि शॉर्ट सर्किटसाठी. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही.

अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये यासाठी स्वतंत्र कलम आहे, क्रमांक २१०.६३. एसी यंत्रापासून २५ फुटांच्या आत आणि त्याच पातळीवर दुरुस्तीसाठी सॉकेट हवे. युनिट गच्चीवर असेल तर सॉकेटही गच्चीवरच. शिवाय ते एसीच्या स्विचच्या पुढे जोडायचे नाही. कारण साधे आहे : मिस्त्री आधी एसीची वीज तोडतो, सॉकेट त्याच स्विचवर असेल तर तेही बंद पडेल, आणि मग चालू मशीनमध्ये हात घालण्याचा मोह होईल.

व्यापारी बंधूंनी एसी बसवतानाच हे काम करून घ्यावे. युनिटजवळ अर्थिंगसह थ्री पिन पॉइंट, पावसापासून बचावासाठी झाकणाची पेटी आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जाणारा व परतणारा करंट यांत फरक पडताच आरसीसीबी क्षणार्धात वीज तोडतो. त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग टाळू नये. सेंट्रल इलेक्ट्रिसिटी ऑथॉरिटीच्या नियमांप्रमाणे वायरिंगचे काम लायसन्सधारक ठेकेदाराकडूनच करवून घ्यायचे असते. ओळखीच्या मुलाकडून स्वस्तात उरकू नये.

एसीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. गच्चीवर चढणारा मिस्त्री आपल्याच मोहल्ल्यातला, कुणाच्या तरी घरचा कमावता मुलगा असतो. आपल्या छताखाली काम करणाऱ्याच्या हिफाजतीची जिम्मेदारी आपलीच आहे.