पाणी खोल, दिसते उथळ

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरताना दोहोंच्या सीमेवर त्याची वाटणी होते. काही भाग मागे फिरतो, ते परावर्तन. उरलेला पुढे जातो आणि तिरका आला असेल तर दिशा बदलतो, ते अपवर्तन. शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या धड्यांत असल्या, तरी घडतात एकाच वेळी. खिडकीच्या साध्या काचेवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास ८ टक्के परत येतो. दिवसा बाहेरच्या उजेडापुढे त्याचा पत्ता लागत नाही. रात्रीच्या रेल्वेत मात्र त्याच काचेत डब्यातले दिवे, सामान आणि स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसतो.

परावर्तनाचा नियम सोपा आहे. पृष्ठभागावर काढलेल्या लंबाशी किरण जेवढा कोन करून येतो, तेवढाच कोन करून परततो. नियम भिंतीलाही लागू आहे, मग भिंतीत चेहरा का दिसत नाही? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्या मापाने भिंत अतिशय खडबडीत असते. तिच्या प्रत्येक कणाचे तोंड निराळ्या दिशेला, म्हणून प्रकाश चौफेर विखुरतो. भिंत कुठूनही पाहिली तरी दिसते ती यामुळेच. पावसात रात्री गाडी चालवणाऱ्यांना याची उलट बाजू ठाऊक असते. कोरडे डांबर हेडलाइटचा थोडा प्रकाश चालकाकडे परत पाठवते. पाण्याने खाचा बुजल्या की तो पुढच्या पुढे निघून जातो. आपला रस्ता काळाकुट्ट दिसतो आणि समोरच्या गाडीचे दिवे दुप्पट डोळ्यांत जातात.

अपवर्तनाचे कारण वेगात आहे. निर्वातात प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सव्वादोन लाख, काचेत दोन लाख आणि हिऱ्यात जेमतेम सव्वा लाख. लेझीम पथकाची एक सरळ ओळ पक्क्या रस्त्यावरून तिरकी ओल्या वाळूत उतरते, असे समजा. वाळूत आधी पोचलेले टोक मंदावते, दुसरे अजून वेगातच असते, आणि सगळी ओळ वळते. तरंगाचेही तसेच. सरळ लंबात आलेला तरंग मंदावतो, पण वळत नाही. तांबडा रंग निळ्या-जांभळ्यापेक्षा थोडा कमी वळतो. लोलकातून सप्तरंग निघतात ते या फरकामुळे.

किती वळेल याचा नियम इब्न साहल याने बगदादमध्ये ९८४ च्या सुमारास मांडला होता. युरोपात तो १६२१ मध्ये स्नेलने शोधला आणि आज त्याच्याच नावाने ओळखला जातो. भांडण होते ते कारणावरून. न्यूटनच्या मते प्रकाशाचे कण पाण्याकडे ओढले जाऊन अधिक वेगाने धावतात. हायगेन्सच्या तरंगकल्पनेनुसार प्रकाश पाण्यात मंदावायला हवा होता. न्यूटनच्या नावाच्या दबदब्यामुळे त्याची बाजू शंभराहून अधिक वर्षे वरचढ राहिली. १८५० मध्ये फूकोने पॅरिसमध्ये फिरत्या आरशाच्या साहाय्याने दाखवून दिले की पाण्यात प्रकाश मंदावतो.

या मंदावण्यामुळे १२ फूट खोल पाण्याचा तळ काठावरून सरळ खाली पाहताना ९ फुटांवर भासतो आणि तिरके पाहिले तर आणखी वर. विहिरीत किंवा खाणीच्या डबक्यात नवखे फसतात, त्याचे हे एक कारण.

पाण्यातून हवेत येणारा किरण लंबाशी सुमारे ४९ अंशांहून अधिक कोन करत असेल, तर तो बाहेर पडतच नाही. सगळाच्या सगळा आत परततो. हिऱ्यात ही मर्यादा साडेचोवीस अंशांवर येते, म्हणूनच नीट पैलू पाडलेला हिरा एवढा चमकतो. केसासारख्या काचतंतूंमधून इंटरनेटचे संदेश वाहून नेणारा प्रकाशही असाच आतल्या आत परतत पुढे सरकतो.

हवेचे अपवर्तन फारच थोडे, पण क्षितिजापाशी ते सुमारे ३४ कलांइतके, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक, भरते. सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कला. म्हणजे मावळतीला बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य पूर्णपणे क्षितिजाखाली गेलेला असतो. उगवतीलाही तेच. महाराष्ट्रात त्यामुळे रोजचा दिवस चार-पाच मिनिटांनी लांबतो.