चवडा आणि चाक

संपादकांनी पाठवलं होतं ब्रेव्हे करणाऱ्या, म्हणजे २०० ते ६०० किलोमीटरच्या फेऱ्या ठरलेल्या वेळात पुऱ्या करणाऱ्या सायकलवाल्यांवर लिहायला. त्यांच्यातल्याच एकीच्या मागोमाग पुण्यातल्या एका फ्रेमवाल्याच्या शेडमध्ये गेलो आणि मूळ विषय तिथेच मागे पडला.

तिची उंची पाच फूट एक इंच. तिला एकच सायकल हवी होती: रोज ऑफिसला जायला, येताना मंडईतून भाजी आणायला, रविवारी सिंहगडाला आणि वर्षातून एखाद्या ६००च्या ब्रेव्हेला. "ताई, भाजी पुढे ठेवणार की मागे?" हा त्याचा पहिला प्रश्न. मला तो थट्टेचा वाटला. तो वहीत लिहून घेत होता.

सायकलच्या फ्रेमचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण आकृती फारशी बदललेलीच नाही. १८८५मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने जवळपास सारख्या चाकांची, चेनवर चालणारी रोव्हर काढली. टोकांना जाड आणि मधे पातळ अशा नळ्यांचं पेटंट १८९७चं, रेनॉल्ड्स घराण्याचं. त्यांचं प्रसिद्ध ५३१ पोलाद आलं १९३५मध्ये. पुढे पॅरिसच्या रने एर्स आणि अ‍ॅलेक्स सिंगर यांनी मडगार्ड, दिवा, कॅरिअर आणि फ्रेम यांचा एकत्र विचार करून लांब पल्ल्याच्या सायकली बांधल्या. या शेडच्या भिंतीवर त्यांचीच चित्रं आहेत.

मी अडकलो ते ट्रेल नावाच्या एका आकड्यापाशी. हँडलची नळी तिरपी असते. तिची रेघ तशीच खाली जमिनीपर्यंत नेली, तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे पोचते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. नळी ७२ अंशांत, टायर ३५ मिलिमीटरचा, चाक नेहमीचं ७००चं आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा बाक ४५ मिलिमीटर धरला, तर ट्रेल येतो सुमारे ६५. बाक ६५ केला की तोच उतरतो ४४वर. ट्रेल जास्त असला की सायकल वेगात सरळ धरून राहते, पण पुढच्या पिशवीत वजन पडलं की हळू चालवताना हँडल एकीकडे ढळायला बघतं. म्हणून तो भाजीचा प्रश्न.

आता गंमत अशी, की सायकल उभी का राहते हे या आकड्याने पुरतं सांगता येत नाही. १९७०मध्ये डेव्हिड जोन्स या रसायनशास्त्रज्ञाने मुद्दाम चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायला घेतली. उलट फिरणारं जादा चाक लावून त्याने फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा परिणाम मारून टाकला, तरी सायकल चालवता आली. पुढचं चाक चार इंच पुढे सरकवून ट्रेल उलटा केला, तेव्हा कुठे ती खरी नाठाळ झाली. प्रश्न सुटला असं वाटलं. मग २०११मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी भोवरा आणि ट्रेल दोन्ही काढून टाकलेली छोटी सायकल ढकलून दिली, आणि ती स्वारावाचून तोल सावरत गेली. वजन कुठे आहे यालाही तेवढंच महत्त्व निघालं. आमच्या फ्रेमवाल्याला हे ठाऊक आहे. "तरी मला एक आकडा धरावाच लागतो ना," म्हणाला.

खरी अडचण चवड्याची. उंची कमी असली की फ्रेम आखूड होते, पुढचं चाक पायडलजवळ येतं आणि हळू वळताना बुटाचं टोक टायरला लागतं. सिग्नलच्या गर्दीत हे धोक्याचं. उपाय आहेत, पण प्रत्येकाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. दांडा लांब केला तर हात ताणले जातात. सीटची नळी एक अंशाने उभी केली तर सीट बारा मिलिमीटर पुढे येते, भार मनगटांवर. हँडलची नळी ७०.५ अंशांवर झुकवली की चाक पुढे जातं, पण ट्रेल ६५चा ७५ होतो. तो उतरवायला चिमटा जास्त वाकवायचा. चिमट्याची दोन पाती फ्रेमवाला लाकडी साच्यावर हाताने वाकवतो. दोन्ही सारखी आली नाहीत तर जोडी भंगारात.

शेवटी चाकच लहान करायचं ठरलं: ६५०बी, ज्याची रिम ५८४ मिलिमीटरची. ७००च्या रिमपेक्षा त्रिज्या १९ मिलिमीटरने कमी. नळी ७१ अंश, बाक ६०, टायर ४२चा. ट्रेल ५१च्या आसपास. कागदावर सगळं बसलं.

मग टायरचा प्रश्न निघाला. ब्रेव्हेत रात्री टायर फाटला तर गावातल्या दुकानात ४२चा मिळण्याची आशा नाही. माउंटन बाइकच्या साडेसत्तावीसच्या चाकाची रिमही ५८४चीच, म्हणजे टायर चढेल, पण तो पन्नासच्या वर जाड. त्याला जागा द्यायची तर मागच्या नळ्या फाकवायच्या. फाकवल्या तर त्या चेनच्या चकतीला घासणार. नळ्या मागे लांबवल्या तर थोडी सुटका होते आणि मागच्या पिशवीला टाचही लागत नाही, पण सिंहगडाच्या चढावर तिला आखूड, चपळ सायकल हवी आहे. नळ्या चकतीपाशी दाबून चपट्या करता येतात. त्याने नळीचा आकार किती बिघडतो हे तो एक तुकडा दाबून, पितळेने झाळून, सरफेस प्लेटवर ठेवून बघणार आहे, कारण झाळल्यावर गार होताना नळी ओढलीही जाते.

मी निघालो तेव्हा वहीत मागच्या नळ्यांची लांबी म्हणून ४४५ लिहून खोडलं होतं, ४३८ लिहून खोडलं होतं, आणि मडगार्ड काढल्यावरच जाड टायर बसला तर चालेल का, हे ताईंना फोन करून विचारायचं बाकी होतं.