बॅटरी गेली म्हणजे काय गेले?

जुना लॅपटॉप विजेच्या तारेवाचून दोन मिनिटेही तग धरीनासा झाला, की आपण 'बॅटरी गेली' असे म्हणून मोकळे होतो. पुण्यात तापकीर गल्लीच्या बाजूला असे यंत्र काखेत मारून येणाऱ्यांत विद्यार्थी असतात, छोटे हिशेबनीस असतात आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे यंत्र मायेने सांभाळणारे शौकीनही असतात. इतक्या जुन्या यंत्राची नवी बॅटरी त्याचा कारखानदार बहुधा देत नाही. मग जुनी उघडून आतला ऐवज बदलणे एवढाच मार्ग उरतो. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. विजेचे शास्त्र कोणत्याही विद्यालयात शिकलो नाही. जे कळले ते कारागिरांच्या शेजारी बसून आणि पुस्तके चाळून कळले. तेच येथे मांडीत आहोत.

पहिला प्रश्न असा, की बॅटरी खरोखरच गेली आहे काय? पुष्कळदा दोष चार्जरचा असतो. चार्जरवर लिहिलेला दाब आणि मीटरवर दिसणारा दाब जुळतो की नाही, हे आधी पाहावे. दुसरी चांगली बॅटरी बसवूनही ती चार्ज होत नसेल, तर खोट यंत्राच्या पाटीत आहे. तिसरी शक्यता मोठी मौजेची आहे. बॅटरीच्या पोटात एक लहानशी पाटी असते; वीज किती आली, किती गेली याचा ती हिशेब ठेवते. महिनोन्महिने अर्धवट वापर झाला की हा हिशेब चुकतो. तिजोरीत पैसे असावेत आणि वहीत शून्य दिसावे, तसे होते. अशा वेळी बॅटरी पूर्ण भरावी, यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि पुन्हा पूर्ण भरावी. एवढ्याने गुण आला, तर स्क्रू-ड्रायव्हर हाती धरण्याचे कारण नाही.

गुण न आला तर आत पाहावे लागते. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन सेल बाजारात आणला. त्यापूर्वीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा निकेल-कॅडमियमचे सेल असत, पुढे निकेल-मेटल हायड्राइडचेही आले. त्यांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्ट. लिथियमचा गोल सेल साधारण ३.६ व्होल्टचा, १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. म्हणून बाजारात त्याला '१८६५०' म्हणतात. बॅटरीवर १०.८ व्होल्ट लिहिले असेल, तर आत अशा सेलांचे तीन गट एकापुढे एक जोडलेले आहेत असे समजावे. सहा सेल असतील, तर प्रत्येक गटात दोन.

एकापुढे एक जोडणीचा अर्थ हमालांच्या रांगेवरून चटकन कळतो. पोते हातोहात पुढे सरकत असेल, तर सारी रांग सर्वांत थकलेल्या गड्याच्या गतीने चालते. बॅटरीतही असेच घडते. उघडून मोजल्यावर दोन गट ३.८ व्होल्टवर उत्तम असतात आणि तिसरा दीडवर आलेला असतो. त्या एकासाठी पाटी साऱ्यांचेच काम थांबवते, आणि ते योग्यच आहे.

येथेच खरा धोका आहे. तो निपचित पडलेला सेल बाहेरून वीज देऊन 'उठवून' दाखवणारे लोक आहेत. दाब वर येतो, गिऱ्हाईक खूष होते. पण लिथियमचा सेल दोन व्होल्टांच्या खाली दीर्घकाळ पडून राहिला, की त्याच्या ऋण ध्रुवाकडील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना तेच तांबे नको त्या जागी जमते आणि आतल्या आत दोन्ही ध्रुव जोडले जाण्याची भीती निर्माण होते. असा सेल आठ दिवस चालेल, महिनाही चालेल, आणि एका रात्री अंथरुणावर चार्जिंगला लावलेला असताना पेटेल. तो उठवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बदलायचे तर सगळे सेल बदलावेत. एकाच बनावटीचे, एकाच क्षमतेचे, आणि जोडण्यापूर्वी सर्वांचा दाब सारखा केलेले. या आकाराच्या सेलाची क्षमता फार तर चार हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपास जाते. वेष्टनावर ९९०० छापलेले दिसले, तर तो शुद्ध फसवणुकीचा माल होय. सेलावर थेट डाख देऊ नये, उष्णतेने तो आतून बिघडतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडावी. उष्णता मोजणारा मण्यासारखा भाग पूर्वीच्याच जागी चिकटवावा. निकेलच्या जागी निकेलच घालावे. दोन्हींची चार्ज करण्याची रीत वेगळी आहे. निकेलच्या चार्जरवर लिथियम लावणे म्हणजे आगीशी खेळ होय.

एवढे करूनही काही बॅटऱ्या चालत नाहीत. एखादा गट फार खाली गेला, किंवा काम चालू असताना पाटीची वीज तुटली, तर काही पाट्या आपल्या स्मरणात कायमचा दोष नोंदवून ठेवतात. काही तर आतली फ्यूजच जाळून टाकतात. ती नोंद पुसण्याची साधने सर्वांकडे नसतात. म्हणून चांगला कारागीर आधीच सांगतो, की यश येईलच असे नाही. तसे सांगणाऱ्याकडेच काम द्यावे.

फार जुन्या यंत्रात आणखी एक बॅटरी लपलेली असते. घड्याळ व स्मरण राखणारी ही लहान निकेलची बॅटरी गळते आणि पाटीवर हिरवट-पांढरा थर चढवते. हा अल्कधर्मी क्षार पाटीवरचे तांब्याचे रस्ते खाऊन टाकतो. बॅटरी काढून टाकावी, कापसाच्या बोळ्याने थोडे व्हिनेगर लावून क्षार मारावा, मग स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्यावे. यंत्र कपाटात ठेवायचे असले, तरी हे आधी करावे.

आता हे काम करणाऱ्या हातांविषयी. दुरुस्तीचा पोऱ्या नगावर काम करतो. जितक्या बॅटऱ्या तितके पैसे. नगाच्या मजुरीने घाई येते, आणि घाईत पोलादी उचकटणी दोन सेलांच्या मध्ये शिरते. ठिणगी उडते, बोटे भाजतात आणि दवाखान्याचा खर्च मात्र त्याचा त्यालाच. प्लॅस्टिकची उचकटणी, हातातली अंगठी व घड्याळ काढून ठेवणे, उघड्या टोकांवर चिकटपट्टी, जवळ पाण्याची भरलेली बादली, एवढी व्यवस्था मालकाने करावी अशी आमची मागणी असते, आणि ती फार महागही नाही. पेटलेल्या पॅकवर भरपूर पाणी ओतीत राहावे. ज्वाळा विझली तरी शेजारचा सेल तापून पुन्हा पेट घेतो.

काढलेले सेल कोठे जातात? पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरा वेचकांची संघटना उभी राहिली, आणि २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. आपण सुक्या कचऱ्यात टाकलेला सेल वेगळा करताना प्रथम त्या बाईच्या हाताला लागतो, किंवा गाडीत दाबला जाऊन पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हा निकामी सेलांच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, ते वेगळ्या पिशवीत ठेवावेत, पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'बॅटरी' असे लिहावे आणि ती संकलन करणाऱ्याच्या हाती द्यावी.