वजन उतरलं, कातडी मागे राहिली

विहारात रविवारी आम्ही रक्तदाब तपासत बसलो होतो. बाविशीतला एक मुलगा सगळे निघून गेल्यावर आला. दोन वर्षांपूर्वी ११२ किलो, आता ६८. आम्ही म्हणालो, शाब्बास! तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, शर्ट काढता येत नाही."

पोटावरची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. नळावर वस्तीतली पोरं उघडी आंघोळ करतात. हा पहाटे चारला उठून उरकतो. घर एका खोलीचं, घरात दोन बहिणी, आडोसा कुठला? आणखी दहा किलो उतरवलं की हेही जाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं. त्यासाठी रात्रीचं जेवण सोडलं होतं.

जेवण सोडून कातडी जात नाही. चिमटीत धरून पाहा: जाड, भरीव लागली तर खाली चरबी आहे, पातळ, कापडासारखी दुमडली तर ती नुसती कातडी. ती उपाशी राहिल्याने झिजत नाही. उलट स्नायू झिजतात आणि ती आणखी सैल दिसते.

कातडीत ताण देणारे आणि परत आवळणारे तंतू असतात. वर्षानुवर्षं ताणले गेले की ते तुटतात, जुन्या इलॅस्टिकसारखे. तरुण वयात ती बरीच परत येते, पण ४०-५० किलो उतरल्यावर पूर्ण येईलच असं नाही. वजन स्थिर झाल्यावर वर्ष-दोन वर्षं ती हळूहळू आवळत राहते. तंबाखू आणि बिडी-सिगारेट त्यात अडथळा आणतात. कातडी घट्ट करणारी म्हणून विकली जाणारी महागडी क्रीमं, पोटाला बांधायचे घाम काढणारे पट्टे यांवर एक रुपया घालवू नका. डाळ, अंडी, चणे, सुकट रोजच्या जेवणात असू द्या. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात. जोर-बैठकांनी स्नायू भरले की कातडी थोडी भरून दिसते, एवढं खरं.

खरा त्रास घडीत होतो. पोटाखाली, जांघेत, छातीखाली घाम साचतो, कातडी कातडीला घासते, लाल होते, खाजते, वास येतो. तिथे बुरशी धरते. आंघोळीनंतर घडी उचलून सुती फडक्याने टिपून कोरडी करा, घासू नका. मध्ये जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा ठेवा, ओला झाला की बदला. बुरशीचं साधं मलम सांगितलं तितके दिवस लावायचं, खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचं नाही. मेडिकलवाला खाजेवर जी 'मिक्स' ट्यूब काढून देतो, तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, मग चट्टा पसरतो आणि कातडी आणखी पातळ होते. आमच्या वस्त्यांत या ट्यूबांनी किती जांघा खराब केल्या, ते आम्ही रोज बघतो. चट्टा चिघळला, पू आला, ताप आला किंवा तुम्हाला साखर असेल, तर दवाखान्यात जा.

ऑपरेशन करून जास्तीची कातडी काढता येते. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत प्लास्टिक सर्जरीची ओपीडी असते. 'हे श्रीमंतांचं काम' म्हणून दारातूनच परतू नका. घडीत वारंवार जखमा होतात हे कागदावर लिहून घ्या, खर्चाचं तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना विचारा. पण आधी वजन निदान सहा महिने एका जागी राहिलेलं हवं. तंबाखू काही आठवडे आधीपासून पूर्ण बंद, नाहीतर जखम भरत नाही. पोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहतो. पाणी साचणं, टाका उसवणं हेही होतं. मुलींना पुढे मूल हवं असेल, तर पोटाचं ऑपरेशन बहुतेक डॉक्टर बाळंतपणानंतर करायला सांगतात.

आणि काहीही न करता वजन उतरत असेल, तर कातडीचं नंतर बघू. आधी थुंकी आणि साखर तपासून घ्या.

त्या मुलाचा चट्टा तीन आठवड्यांत गेला. रात्री तो पुन्हा जेवतो. आंघोळ अजून पहाटे चारलाच करतो. नळाजवळ पत्र्याचा आडोसा करून द्या, असं आम्ही मंडळाच्या बैठकीत सांगितलं आहे. त्याचं नाव घेतलेलं नाही.