डोक्यावरून नदी, पायाखाली कोरडं

पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी डोक्यावरून जाऊ द्यायची आणि आपण मात्र तिच्या खाली, कोरड्या फरशीवर उभं राहायचं! धाराशिव जिल्ह्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात ही किमया गेली चारशे वर्षं चालू आहे.

किल्ला काळ्या पाषाणाच्या पठारावर आहे. खाली बोरी नदी वळसा घेते आणि तिच्या बाजूचे कडे असे तुटलेले, की तिथून चढाई करणं महाकठीण. पण आपल्याकडच्या नद्यांचा भरवसा काय? उन्हाळ्यात पात्र आटलं की शत्रूला वाट मोकळी. म्हणून 1613 मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, मीर इमादीन या वास्तुकाराने नदीच अडवली. मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये त्याने दगडी बांध घातला. त्या एका भिंतीत सगळं साधलं: तटाखाली पाणी तुंबलं, शिबंदीची तहान भागली आणि रणमंडळावर जायला रस्ताही झाला.

असा बांध पाण्याचा रेटा निव्वळ आपल्या वजनावर पेलतो. पाणी जितकं खोल, तितका रेटा जास्त. म्हणजे भिंत भरीव हवी. मीर इमादीनने मात्र तिच्या पोटात महाल काढला! अरुंद, अंधाऱ्या जिन्याने उतरलं की कमानींची दालनं लागतात आणि समोर नक्षीदार सज्जा. हाच पाणीमहाल.

नदीच्या वरच्या अंगाला असलेलं आजचं बोरी धरण भरून सांडलं की या जुन्या बांधाच्या माथ्यावरच्या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. काठावरून सुटणाऱ्या पाण्याला पुढे जाण्याचा वेग असतो, त्यामुळे ते भिंतीला चिकटून न उतरता, वळचणीच्या पागोळ्यांसारखं, जरा पुढे पडतं. सज्ज्यातून पाहिलं तर समोर पाण्याचा पांढरा पडदा, कानठळ्या बसवणारा आवाज आणि तोंडावर तुषार.

आजच्या मोठ्या धरणांच्या पोटातही माणसाला फिरता येईल अशी वाट ठेवतात, पण ती गळती तपासायला. चारशे वर्षांपूर्वीच्या या कारागिराने ती ठेवली ती पुराची मौज बघायला, आणि तीही भिंतीचं बळ न घालवता!